मृत वन्य प्राण्यात विषाणूही सापडला आणि जिवाणूही, तर मृत्यूचे कारण कोणते लिहावे?

प्रश्न
वन्य सस्तन प्राण्यांचे शवविच्छेदन अहवाल अभ्यासताना एक अडचण मला वारंवार जाणवते. फुफ्फुसाच्या एकाच नमुन्यात विषाणू आढळतो आणि त्यातूनच जिवाणूही वाढतो. विषाणूने वाट मोकळी केली आणि जिवाणूने जीव घेतला, असे म्हणायला कोणता पुरावा पुरेसा मानावा?

प्रतिसाद १
१९८८ मध्ये उत्तर समुद्राच्या परिसरात सुमारे १८,००० सील मृत्यू पावले, तेव्हा तपासणाऱ्यांपुढे हाच पेच होता. बॉर्डेटेला ब्राँकिसेप्टिका हा जिवाणू अनेक फुफ्फुसांत मिळत होता, हर्पिस विषाणूही मिळाला होता. मूळ कारण सीलचा डिस्टेंपर विषाणू आहे, हे नंतर स्पष्ट झाले. गोवराच्या विषाणूच्या कुळातला हा विषाणू लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पांढऱ्या रक्तपेशींमध्ये वाढून त्यांचाच नाश करतो आणि श्वासमार्गाच्या अस्तरालाही इजा करतो, त्यामुळे एरवी वरच्या श्वासमार्गात उपद्रव न करता राहणारे जिवाणू फुफ्फुसात खोलवर उतरतात. म्हणून केवळ फुफ्फुस पाहून थांबू नये. लसिका ग्रंथींत आणि प्लीहेत लिम्फोसाइट विरळ झालेले दिसले, फुफ्फुसाच्या पेशींत विषाणूच्या खुणा आढळल्या आणि त्याच भागात जिवाणूजन्य पू असला, तर घटनांचा क्रम बऱ्याच अंशी उलगडतो. अशा वेळी दोघांचीही नोंद करावी, मात्र प्राथमिक कोण आणि दुय्यम कोण हे वेगळे लिहावे.

प्रतिसाद २
वरील मत मला मान्य आहे, पण पाठीमागे विषाणू असणारच असे गृहीत धरू नये. २०१५ मध्ये कझाकस्तानात दोन लाखांहून अधिक सायगा हरणे काही आठवड्यांत दगावली, ती पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे झालेल्या रक्तस्रावी सेप्टिसीमियाने, म्हणजे जिवाणू रक्तात पसरून होणाऱ्या आजाराने. त्या वेळी असामान्य उष्मा आणि दमट हवा होती. शिवाय शव जुने असेल तर आतड्यातले जिवाणू मृत्यूनंतर इतर अवयवांत पसरतात, तेव्हा सूज किंवा पू नसताना नुसत्या वाढीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

प्रतिसाद ३
मृत प्राणी आपल्याला शेवटचा क्षणच दाखवतो. इंग्लंडमधील कील्डर जंगलात रानातले व्होल उंदीर पुन्हा पुन्हा पकडून त्यांचे रक्त तपासले गेले, तेव्हा काउपॉक्स विषाणू आणि बार्टोनेला, अ‍ॅनाप्लाझ्मा यांसारखे जिवाणू एकमेकांचा धोका बदलतात, असे दिसले. आधी कोण आले हे ठरवायचे असेल, तर शक्य तिथे त्याच कळपातल्या जिवंत प्राण्यांचे रक्त काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा घ्यावे आणि प्रतिपिंडांची (संसर्गाविरुद्ध शरीर बनवते त्या प्रथिनांची) वाढ मोजावी.