शब्दचर्चा: ‘लॉर्ड’ म्हणजे उमराव का?

प्रश्न: व्हाइसरॉय लॉर्ड मेयो (१८६९ ते १८७२) यांच्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात हेच गृहस्थ आधी रिचर्ड बर्क, मग लॉर्ड नास आणि शेवटी अर्ल ऑफ मेयो (अर्ल हा उमरावांचा एक दर्जा) होतात. ‘लॉर्ड’ला उमराव आणि ‘अर्ल ऑफ मेयो’ला मेयोचे जहागीरदार लिहू का? शिवाय उमराव असूनही ते ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स या निवडून आलेल्यांच्या सभागृहात कसे?

उत्तर: जहागीरदार मुळीच नको. मेयो हा आयर्लंडच्या पश्चिमेकडचा परगणा, पण हे घराणं पूर्वेकडच्या किल्डेअरमध्ये पामर्सटाउनला राहत होतं. ‘ऑफ मेयो’ हा किताबाचाच भाग आहे, त्यावरून वहिवाट ठरत नाही. आणि ‘नास’ नव्हे, ‘नेस’. किल्डेअरमधल्या त्या गावाचा उच्चार तसाच आहे.

आता उमराव. रिचर्ड जन्मले १८२२ मध्ये, तेव्हा वडिलांकडेही किताब नव्हता. वडिलांचे निपुत्रिक चुलते १८४९ मध्ये वारले, वडील अर्ल झाले आणि थोरला मुलगा म्हणून रिचर्ड ‘लॉर्ड नेस’ म्हणवले जाऊ लागले. हा नुसता रिवाजाचा मान. कायद्याने ते सामान्य प्रजाजनच, म्हणून कॉमन्समध्ये बसायला आडकाठी नव्हती. या काळासाठी ‘उमरावपुत्र’ हाच नेमका शब्द.

प्रश्न: पण वडील १८६७ मध्ये वारले. त्यानंतरही वर्षभर ते कॉमन्समध्येच दिसतात!

उत्तर: खरी गंमत इथेच आहे. त्यांचा किताब आयर्लंडचा होता. आयरिश उमरावांपैकी निवडलेले २८ जणच लॉर्ड्स या उमरावांच्या सभागृहात बसत. बाकीच्यांना कॉमन्सची निवडणूक लढवता येई, फक्त मतदारसंघ आयर्लंडबाहेरचा हवा. मेयोंचा कॉकरमाउथ मतदारसंघ इंग्लंडमधला, त्यामुळे जागा राहिली. तेव्हा ‘उमराव’ लिहा, पण ‘आयरिश’ हे विशेषण गाळू नका, नाहीतर वाचक त्यांना थेट लॉर्ड्समध्ये बसवतील.

आणखी एक. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड कॉनेमारा हे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, रॉबर्ट बर्क. पण हा किताब वारशाचा नाही, १८८७ मध्ये त्यांना स्वतःला मिळालेला. मेयोंचा पोर्ट ब्लेअरला खून झाल्यावर अर्ल झाले ते त्यांचे पुत्र डर्मट. पुढे स्वतंत्र आयर्लंडच्या सिनेटमध्ये ते नेमणुकीने गेले, आणि ते सदस्यत्व घेतलं म्हणून १९२३ मध्ये पामर्सटाउनचा वाडा जाळण्यात आला. तिथे त्यांना ‘सिनेटर’च लिहा. वंशावळ देणार असाल तर प्रत्येक नावापुढे ‘बर्क’ हवंच, त्याशिवाय मेयो आणि कॉनेमारा एकाच घरचे हे कळणार नाही.