शेताला आणि डोंगराला मिळून एकच गाडी: कोणती घ्यावी?

प्रेषक: धारूरवाला, ट्रॉय, मिशिगन

मंडळी, नमस्कार.

मंडळाच्या या ई-मेल यादीवर एरवी पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी आणि ढोल-ताशाच्या सरावाच्या वेळा येतात. त्यात माझ्या गाडीची भर, चालवून घ्या.

आमचं गाव किल्ले धारूरचा घाट उतरला की लगेच. शेत १४ एकर. ओढ्याकडची ८ एकर काळी, तिथं सोयाबीन, तूर आणि मागून हरभरा. वरची ६ एकर मुरमाड, तिथं वडिलांनी लावलेली सीताफळं. गावापासून शेत अडीच किलोमीटर, निम्मा रस्ता डांबरी, निम्मी पाणंद. सगळं धाकटा भाऊ आणि भावजय बघतात. ट्रॅक्टर भाड्यानं बोलावतात. बाकी खताची पोती, दुधाची कॅन, फवारणीचा पंप, बोअरची मोटार जळाली की तीसुद्धा, एका जुन्या मोटारसायकलवर. आई ७४ वर्षांची आहे. तिला अंबाजोगाईला दवाखान्यात न्यायचं तर गाडी शेजाऱ्याची.

गेल्या उन्हाळ्यात इथं सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांवर भाड्याची साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी बसून कुठंही न्यायची छोटी उघडी गाडी, चालवली आणि डोक्यात भुंगा शिरला. पुढं माणसं, मागं हौदा, कुठंही चढते. सकाळी तिच्यात खत टाकावं, संध्याकाळी पोरांना घेऊन बालाघाटात हिंडावं. इथं महिंद्रानं २०१८ पासून रॉक्सर नावाची जीप याच वर्गात विकली. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, ऑबर्न हिल्सला जुळवायचे. दिसायला इतकी आपली जुनी जीप, की त्यावरून तक्रार झाली आणि २०२० च्या निकालानंतर तिचा तोंडवळा बदलावा लागला. ती बघितली की गाव आठवतं.

जानेवारीत तीन आठवडे जातोय. बजेट १४ लाख. मनात महिंद्राची थार आहे. भाऊ "बघू" म्हणतो. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही.

प्रेषक: काका, सॅन अँटोनियोजवळून

अरे, तो भुंगा नऊ वर्षांपूर्वी माझ्याही डोक्यात शिरला होता. बायको अजून त्याचा हिशोब काढते.

माझ्याकडं जमीन थोडी आणि काटेरी झुडपं फार, त्यामुळं साइड-बाय-साइड रोज लागते. पहिल्याच उन्हाळ्यात पाण्याची टाकी मागं जोडून चढावर घेतली, गिअर 'हाय'मध्ये. अर्ध्या वाटेवर जळक्या रबराचा वास आला आणि गाडी नुसतीच ओरडायला लागली. पट्टा गेला होता. अशा बहुतेक गाड्यांमध्ये मोटारीसारख्या गिअरांच्या जागी रबरी पट्टा असतो, पुढं जायला निवडायचं फक्त 'हाय' की 'लो'. ओझं ओढताना किंवा चढ चढताना 'लो'मध्येच टाकायची, नाहीतर पट्टा तापून जळतो. हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि पुस्तिका आपण पट्टा जळल्यावर उघडतो.

याच वर्गातल्या कुबोटाच्या बऱ्याच आरटीव्हींत पट्टाच नसतो, तेलाच्या दाबावर चालते. सावकाश चालते पण ओढते बैलासारखी. होंडाच्या पायोनियर १००० ला मोटारीसारखे खरे गिअर आहेत. पट्टेवाल्या पळायला मजेदार. म्हणजे इथंसुद्धा कामाला एक आणि हुंदडायला दुसरी, असंच आहे. दोन्ही जमवणारी घेतलीस की दोन्हीकडं थोडं थोडं सोडावं लागतं.

पण हे झालं टेक्सासचं. धारूरला पट्टा कुठं मिळणार, हे तिथलं कोणी सांगेल तर बरं.

प्रेषक: अंबाजोगाईहून, यादीतला जुना सभासद

दादा, राम राम. मी २०१६ ला परत आलो, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी. पाण्याच्या गाडीत बसून आलास का, असं लोक विचारायचे. यादीतून माझं नाव कोणी काढलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी साइड-बाय-साइड मिटवून टाकू. इथं ती विकत मिळते, फार्महाउसवाले आणि रिसॉर्टवाले घेतात. पण रस्त्याचं पासिंग नसतं. तुमचा निम्मा रस्ता डांबरी म्हणता, तेवढा काय डोक्यावर घेऊन जाणार? पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर म्हणून पास होऊन आली होती, पण ती घोड्यासारखी टांग टाकून बसायची. आईंना दवाखान्यात नेता येणार नाही.

एक प्रयोग मात्र अगदी आपल्यासाठीच झाला होता. आयशर आणि पोलारिसनं मिळून २०१५ ला मल्टिक्स काढली. ५११ सीसीचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. माणसं बसवा, नाहीतर मागं माल भरा. आणि उभ्या गाडीतून ३ किलोवॉटपर्यंत वीज निघायची, म्हणजे लाइट गेली तरी घरात उजेड. २०१८ मध्ये दोघांनी गाशा गुंडाळला. मला अजून हळहळ वाटते. पण सेकंडहँड दिसली तरी घेऊ नका, सामान कुठून आणणार?

आता मुद्द्याचं, जमीन. तुम्ही गाडी चालवली ती वाळूत. वाळूत हवा थोडी सोडली की टायर पसरतो आणि गाडी तरंगत जाते. आपली काळी तसं ऐकत नाही. पाऊस पडला की ती फुगते, टायरच्या नक्षीत भरते, आणि दहा पावलांत टायर पोळपाटासारखा गुळगुळीत होतो. आमच्याकडं पोरं पावसाळ्यात मोटारसायकलचं पुढचं मडगार्ड काढून ठेवतात. का? चाक आणि मडगार्डच्या मधे चिखल असा ठासतो, की चाक फिरतच नाही. मग बाभळीची काडी घेऊन बसायचं खोदत. तिथं फोर-बाय-फोर असली तरी चारही चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी आडवी सरकत बांधाला लागते. आमच्या एका पाहुण्याची कोरी गाडी मागच्या सप्टेंबरात बैलजोडीनं बाहेर काढली. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे चिखल सुकून जमीन नुसती ओलसर राहिल्याशिवाय, काळीत गाडी घालायची नाही, गाडी १० लाखांची असो की ४० लाखांची.

फोर-बाय-फोर कामाला येते ती तुमच्या मुरमाडावर. सुटे दगड, उभा चढ, मधे पाण्यानं पडलेली घळ. तिथं एक चाक अधांतरी झालं की साध्या गाडीत तेच मोकळं चाक गरगरतं आणि जमिनीवरचं नुसतं उभं राहतं. डिफरेन्शियल लॉक असला की दोन्ही बरोबर फिरतात. फोर्सच्या गुरखाला पुढं-मागं दोन्हीकडं लॉक आहे, पण ती तुमच्या बजेटच्या वर. थारला मागं मिळतो, तोही वरच्या मॉडेलांत. थारचं पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर, पाण्यात ६५० मिलिमीटरपर्यंत चालते, म्हणजे ओढा अडवणार नाही. मारुतीची जिम्नीही डोंगरात वाईट नाही. हलकी आहे, अरुंद आहे, लो गिअर आहे. फक्त पेट्रोल पिते.

पण थारमध्ये सोयाबीनचं पोतं ठेवा बघू. मागची सीट दुमडून दोन बसतील, आणि त्यानंतर ती गाडी आयुष्यभर खताचा वास देईल.

म्हणून माझं मत महिंद्राची बोलेरो कॅम्पर. पुढं पाच माणसं, मागं हौदा, कागदावर १००० किलो. ६० किलोची १६ पोती झाली. फोर-व्हील-ड्राइव्हची मिळते का ते शोरूमला आधी विचारा, कारण टू-व्हीलच हातात टिकवतात. पासिंग पिवळं, मालवाहू, त्यामुळं पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दर वर्षी. हे आरटीओचे हेलपाटे भावाला करावे लागतील, त्याला आधीच सांगा. पांढऱ्या, म्हणजे खासगी पासिंगची डबल-केबिन म्हणजे इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स. पाच मीटरहून लांब, पाणंदीत वळवायची म्हटली तर उलटं गावात यावं लागेल, आणि किंमत विचारू नका.

एक गंमत सांगतो. त्या रॉक्सरमध्ये इंजिन कोणतं होतं माहीत आहे का? अडीच लिटरचं डिझेल, ६२ हॉर्सपॉवर. कॅम्परचं इंजिन त्याच घराण्यातलं. तुम्ही तिकडं जे बघून गाव आठवता, ते इथं रोज पहाटे भाजीमंडईत कोथिंबीर उतरवत असतं. आणि ते उघडता येणार नाही असा मेकॅनिक केज ते परळी शोधून दाखवा.

प्रेषक: परभणीची ताई, एडिसन

तिघा पुरुषांनी पट्टा, लॉक, पोट किती उंच, सगळं सांगितलं. गाडी चालवणार कोण, हे कोणी विचारलं नाही.

धारूरवाले भाऊ, तुम्ही वर्षातले वीस दिवस तिथं. उरलेले ३४५ दिवस ती तुमच्या भावाची आणि भावजयीची. भावजयीला येते का चालवायला? माझी वहिनी जिंतूरकडं पिकअप चालवते. दूध तीच पोहोचवते, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यातही तीच नेते. तिची तक्रार एकच, क्लच जड आणि सीट मागं गेलेली. उशी ठेवून चालवते. तिला बसवून बघितल्याशिवाय गाडी ठरवू नका.

दुसरं, आईंचे गुडघे. तीन दरवाज्यांच्या थारमध्ये मागं बसायचं म्हणजे पुढची सीट पाडून तिरकं चढायचं. एकदा घरच्या म्हाताऱ्या माणसाला तसं चढवून बघा, मग मला लिहा. कॅम्परलाही पाय उंच टाकावा लागतो, पण दरवाजा समोर असतो आणि खाली पायरी बसवून घेता येते.

आणि डोंगरात हिंडायचं म्हणता, तर कुठला डोंगर? गावचं गायरान वेगळं, वनखात्याची हद्द वेगळी. येडशीचं रामलिंग घाट किंवा पाटोद्याकडचं नायगाव मयूर, ही अभयारण्यं आहेत. तिथं ठरलेला रस्ता सोडून परवानगीशिवाय चाक घालता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. अंड्यांवर बसलेल्या लांडोरीला तुमची फोर-बाय-फोर कळत नाही.

प्रेषक: मंडळ, सचिव

चर्चा छान आहे. पण तिळगुळाच्या पाकिटांचे आकडे याच धाग्यात पाठवू नयेत. दोघांनी पाठवलेत, मला आता ४० पाकिटं की ४० लाखांची गाडी हे कळेना.

प्रेषक: धारूरवाला, सध्या गावाहून

मंडळी, मोबाइलवर टंकतोय, चुका पोटात घाला.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी पाणंद मोजली. भावानं कासऱ्याचं एक टोक धरलं, मी दुसरं. ओढ्याजवळ दोन बाभळींच्या मधे साडेआठ फूट. थार जाते, कॅम्पर जाते. समोरून बैलगाडी आली तर कोणालातरी मागं जावं लागतं, आणि बैल मागं जात नाहीत.

चुलतभावाच्या मित्राची थार आणि शेजारच्या गावातली कॅम्पर, दोन्ही एकाच दिवशी मागून आणल्या. थारनं सीताफळांच्या मागचा चढ असा घेतला, की मी खूश, पोरं खूश. खाली येऊन भावानं शांतपणे स्प्रिंकलरचे पाईप दाखवले. २० फुटी, ३० नग. "दादा, हे कुठं ठिवायचे?" मी टपाकडं बघितलं. टप कापडी होता.

कॅम्परमध्ये ते पाईप हौद्यातून केबिनवर तिरके बांधले, मागं लाल फडकं लावलं आणि गेले. पण रिकामी कॅम्पर त्याच चढावर नेली, तर तिचा मागचा भाग स्प्रिंगच्या पाट्यांवर असा उडायला लागला की दात वाजले. मग भावानंच हौद्यात वाळूची चार पोती टाकली आणि टायरची हवा थोडी सोडली. त्यानंतर गाडी बसून चालली. फार नाही सोडायची, मुरमाचे खडे टायरच्या बाजूला कापतात, हे त्याचं म्हणणं. मला वाटलं होतं हवा सोडायची विद्या मी मिशिगनहून आणलीय. त्यानं ती ट्रॅक्टरवर शिकलेली.

भावजयीनं दोन्ही चालवल्या. ताई, तुमच्या सांगण्यावरून. थारबद्दल म्हणाली, "भारी हाय, पण ही तुमची गाडी हाय." कॅम्परमध्ये बसल्यावर तिनं आधी आरसा ओढून नीट केला. आईला पायरीशिवाय चढता आलं नाही, तेव्हा लोहाराकडून पायरी करून घेतोय.

शोरूममध्ये फोर-व्हील-ड्राइव्हसाठी थांबावं लागेल म्हणाले, थांबतो. पासिंग भावाच्या नावावर. थारचे म्हणून बाजूला काढलेले जे पैसे उरतील त्यात पाणंदीवर मुरूम टाकायचा, ओढ्याजवळच्या तीनशे फुटांत तरी. त्याला सहा शेजाऱ्यांची संमती लागते. पाच झाल्या.

आता काम. माझ्यामागून संभाजीनगरला कोण येतंय? एक छोटा हवा भरायचा पंप आणि टायरचं प्रेशर मोजायचं मीटर माझ्या घरी टेबलावर राहिलंय. दोन्ही मिळून दोन किलो भरतील. सामान घ्यायला भाऊ चिकलठाण्याला विमानतळावर येईल. गाडी तोवर आली असेल तर तुम्हालाही घरापर्यंत सोडील, हौद्यात नाही, पुढं बसवून.