मदत हवी आहे: टीना ब्रुक्ससारखे अजून कोण?
मंडळी, सध्या टीना ब्रुक्सने पार वेड लावलंय. जॅझमधला टेनर सॅक्सोफोनवाला, ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी १९५८ ते ६१ मध्ये लीडर म्हणून चार अल्बम रेकॉर्ड केले पण तो जिवंत असेपर्यंत (१९७४ ला गेला) बाहेर आला फक्त एकच, ट्रू ब्लू, बाकीचे नुसते पडून, फार वाईट वाटतं. ट्रू ब्लूमध्ये ट्रम्पेटवर बावीस वर्षांचा फ्रेडी हबर्ड जोरात सुटतो आणि मग टीना येतो तो एकदम हळवा, घाईच नाही. तर असे मागे राहिलेले हार्ड बॉपवाले (जॅझचीच एक शैली) अजून कोण सांगा ना, हँक मोबली, ली मॉर्गन ऐकून झालेत. आणि टीनाचाच बॅक टू द ट्रॅक्स हा अल्बम व्हायनलवर पुण्या-मुंबईत कुठे मिळेल? जपानी प्रेसिंगही (जपानमध्ये काढलेली रेकॉर्ड) चालेल.