मदत हवी आहे : स्नोबोर्डिंगचे कोणते साहित्य स्वतःचे घ्यावे?

नमस्कार. मी साताऱ्याचा, रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो, पण बर्फ पाहिला आहे तो रसवंतीतलाच. येत्या फेब्रुवारीत पुतणीसह गुलमर्गला स्नोबोर्डिंग, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर (बोर्डवर) ठेवून बर्फावरून घसरत जाणे, शिकायला जाण्याचा विचार आहे.

बोर्ड तिथेच भाड्याने घेऊ. नवशिक्याने सहज वाकणारा, उभा धरल्यास हनुवटी ते नाकापर्यंत येणारा बोर्ड घ्यावा, मात्र लांबी ठरवताना वजनही पाहावे, असे वाचले. माझी उंची ५ फूट ५ इंच आणि वजन ८४ किलो असल्याने नेमके कशावर जावे, हे कळत नाही. बोर्डवर कोणता पाय पुढे ठेवायचा, हे ठरवण्यासाठी पुतणीला मागून हलकेच ढकलून पाहिले, तर तिचा उजवा पाय पुढे पडला. म्हणजे तिने उजवा पाय पुढे ठेवूनच शिकावे का?

खरी अडचण बुटांची आहे. गुडघे वाकवल्यावर टाच उचलली जाऊ नये, इतका बूट घट्ट हवा. माझा पंजा मात्र रुंद आहे. निदान बूट तरी स्वतःचे घ्यावेत का?

पडताना हात टेकल्याने नवशिक्यांची मनगटे दुखावतात, म्हणून पुतणीचे स्केटिंगचे रिस्ट गार्ड काढले, तर त्यावर हातमोजा अंगठ्याशीच अडकला. हातमोज्याच्या आत बसणारे गार्ड कोणी वापरले आहेत का? हेल्मेट मात्र बर्फातल्या खेळांसाठीचेच घेणार. सायकलच्या हेल्मेटवर भागवण्याचा सल्ला कृपया देऊ नये. सातारा-सांगलीकडच्या कोणी हा खेळ शिकला असल्यास स्वतःचा अनुभव अवश्य कळवावा.