शाळेतले दहा दिवस

कोणीतरी म्हणतं की कोरोनाकाळात कोकणात विलगीकरण नुसतं कागदावर होतं. सरसकट तसं नाही हो. २०२० च्या गणपतीला सरकारने मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्यांसाठी विलगीकरणाचे १४ दिवसांचे १० केले, १२ ऑगस्टनंतर येणाऱ्यांना चाचणी लावली. नियम ठीकच होता, पण तो पाळून घेतला वाडीतल्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेने. माझा चुलतभाऊ विलगीकरणात मराठी शाळेत दुसरीच्या वर्गात झोपायचा. काकी पेजेचा डबा पायरीवर ठेवून मागे सरायची. (बाकावर आडवं होता येत नाही, हे त्याचं कायमचं गाऱ्हाणं.) यंत्रणा कमी पडली ती चाचणीच्या रिपोर्टात, चार-चार दिवस माणूस अधांतरी. आणि त्याच वर्षी ३ जूनच्या निसर्ग वादळात श्रीवर्धनकडे छपरंच उडाली, तिथे ‘घरीच राहा’ कुणाला सांगणार होते?