मदत हवी आहे: जुना फोटो १२ × १६ इंचांपर्यंत मोठा करायचाय, पण चेहरे न बदलता

पुढच्या महिन्यात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आजी-आजोबांचा लग्नानंतरचा स्टुडिओतला फोटो (१९६९, कृष्णधवल) मोठा करून फ्रेम करायचं नातवंडांनी ठरवलंय, आणि "तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतेस ना" म्हणून काम आलंय माझ्याकडे. प्रिंट १२ × १६ इंच हवी. शिवाय हॉलच्या दाराशी ३ × ६ फुटांचा स्टँडी.

माझ्याकडे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत आलेली फाइल आहे, ९६० × १२८० पिक्सेल. मोठी केली की आजोबांच्या कोटाच्या कडेने बारीक चौकोन दिसतात. एका वेबसाइटवर एआयने चौपट करून पाहिली. पहिल्या नजरेला झकास! मग निरखून पाहिलं तर आजीच्या हनुवटीवरचा तीळ गायब, नथीचे मोती वितळून एकच पांढरा ठिपका, दोघांचे गाल गुळगुळीत. आईने विचारलं, "ही कोण?" आजी आता नाही, त्यामुळे हे चालणारच नाही.

फ्लेक्सवाले "३०० डीपीआयची फाइल द्या" म्हणून अडून बसलेत. गिम्पमध्ये (फोटोवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर) तो आकडा बदलला, चित्रात काडीचाही फरक नाही. लॅपटॉप जुना आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. फोटोशॉप विकत घ्यायचं नाहीये. जाणकारांनी कृपया सुचवा.

निळीशाई:
फरक पडणारच नाही. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके बसवायचे याची फाइलवर लिहिलेली नोंद. पिक्सेल तेवढेच राहिले तर नोंद बदलून काय होणार? तुमचे ९६० पिक्सेल १२ इंचांत पसरले की इंचाला ८० पडतात, इतका साधा हिशेब आहे.

३०० हा आकडा हातात धरून पाहायच्या प्रिंटसाठी. फुटभर अंतरावरून साधारण निरोगी डोळ्याला इंचामागे २८०-२९० पर्यंतचे ठिपके वेगळे ओळखू येतात. अंतर वाढलं की त्याच प्रमाणात गरज कमी होते: चार फुटांवरून ७०-७५, दहा फुटांवरून तिशीच्या आत. त्यामुळे स्टँडीला ३०० मागणं म्हणजे उगाच. ७२ ते १०० पुरे. मात्र तुमच्या फाइलमधले ते चौकोन जेपीईजीचे आहेत (हा प्रकार चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करून दाबतो), ते लांबूनही खुपतात.

चौकट:
सॉफ्टवेअर नंतर. आधी सांगा, मूळ कागदी फोटो कुठे आहे? जी माहिती फाइलमध्ये नाही ती कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. साध्या पद्धती (क्युबिक वगैरे) शेजारच्या पिक्सेलांवरून मधले पिक्सेल भरतात, म्हणून चित्र मऊ होतं पण खोटं होत नाही. एआय हजारो चेहरे पाहून "इथे असं असावं" असा अंदाज ठोकतं. तुमच्या आजींचा तीळ त्याला डाग वाटला, पुसून टाकला. वेबसाइटवर 'फेस एन्हान्स' असं काही चालू असेल तर आधी ते बंद करा, बराचसा घोटाळा तिथेच असतो.

धागाकर्ती:
मूळ फोटो सांगलीला मामेआजीकडे आहे! साधारण साडेचार × सहा इंच. पण जुन्या फ्रेममध्ये आहे आणि पावसाळ्यातल्या ओलीने काचेला चिकटलाय. मामा म्हणतात, हळूच सोलून काढतो.

चौकट:
मामांना आत्ताच्या आत्ता फोन करा! सोलला की वरचा थर काचेवरच राहतो, त्यात चेहराही जाऊ शकतो. काचेसकट स्कॅन करायचा. मागचा पुठ्ठा आणि लाकडी चौकट तेवढी काढायची, काच बाहेरून स्वच्छ पुसायची. सहाशे डीपीआयला स्कॅन केलात तर २७०० × ३६०० पिक्सेल मिळतील, म्हणजे १२ × १६ ला इंचामागे २२५. भिंतीवरच्या फ्रेमला उत्तम. बाराशेला करून फारसं हाती लागत नाही, तेवढा तपशील सहसा कागदावरच नसतो.

निळीशाई:
काचेमुळे स्कॅन धूसर आला तर मोबाइल. ओसरीत, ऊन थेट पडणार नाही अशा जागी फोटो आडवा ठेवा, मोबाइल बरोबर समांतर, मुख्य लेन्स, झूम नाही, फ्लॅश तर नाहीच. वर काळं कापड धरलं आणि लेन्सपुरतं भोक ठेवलं की काचेतलं प्रतिबिंब जातं. आणि मामांना बजावा, फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती पुन्हा दाबली जाणार.

धागाकर्ती:
फोन केला, मामा थांबलेत. स्कॅन आल्यावर पुढे काय? स्टँडीसाठी एआय अजिबात नको का?

चौकट:
फ्रेमच्या फोटोला नको. गिम्पमध्ये 'स्केल इमेज', त्यात पद्धत 'क्युबिक' किंवा 'लोहेलो', अगदी हलका शार्पनेस, बस. स्टँडीला हवं तर वापरा. 'अपस्केल' (Upscayl) नावाचं मोफत एआय सॉफ्टवेअर आपल्याच मशीनवर चालतं, फोटो कुठल्या वेबसाइटवर जात नाही. पण त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं, तेव्हा एखाद्या गेम खेळणाऱ्या भाच्याला पकडा. मग साधा मोठा केलेला फोटो खाली आणि एआयचा वर असे दोन थर ठेवा, आणि वरच्या थरात मास्क लावून (म्हणजे त्याचा हवा तो भाग झाकून) दोन्ही चेहरे, नथ आणि हात खालच्या साध्या फोटोतले दिसू द्या. पडदा, खुर्ची, कोट, नऊवारीचे काठ एआयचे राहू द्या. जोडावर फरक जाणवला तर सगळ्यावर थोडा ग्रेन (बारीक दाणेदारपणा) टाका, कृष्णधवल फोटोत तो शोभूनही दिसतो.

निळीशाई:
स्टँडीची फाइल ३ × ६ फुटांना ७५ धरून २७०० × ५४०० ची होईल. फोटोचं प्रमाण वेगळं आहे, उरलेल्या जागेत वर-खाली मजकूर घ्या, फोटो ताणू नका. फ्लेक्सवाल्याने पुन्हा ३०० चा हट्ट धरला तर चेहऱ्याचा वीतभर तुकडा त्याच आकारात छापून मागा आणि सहा फुटांवर उभे राहून दोघांनी मिळून बघा.