रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) वाघिणींची मॉडेल्स: अस्सल कोणती, नुसती रंगवलेली कोणती? (एचओ म्हणजे १:८७ माप, काळ १९५३)

डोनरचा_चढ
नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात रोझव्हिलच्या जवळ राहतो. गॅरेजमध्ये सदर्न पॅसिफिक या अमेरिकन रेल्वेचा मॉडेल लेआउट उभा राहतोय, काळ सप्टेंबर १९५३. बर्फ भरून डोनर खिंड चढणारी, पूर्वेकडे निघालेली फळांची गाडी दाखवायची आहे. इथे एका निवृत्त गृहस्थांचा संग्रह विक्रीला निघालाय, त्यात खोकाभर रीफर आहेत. बऱ्याचशा पीएफईच्या (पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस, रीफरची कंपनी) नारिंगी, एक-दोन सांता फे रेल्वेच्या, एक बिअरच्या जाहिरातीची, एक मांसाच्या कंपनीची आणि एक लांबलचक, छतावर बर्फ भरायची झाकणंच नसलेली. दिसायला सगळ्याच झकास. पण खऱ्या वाघिणीशी कोणती किती जुळते हे कसं ओळखायचं? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

यार्डमास्तर
आधी एक करा, रंगाकडे बघूच नका. कारखान्यात एकच साचा असतो, त्याच्यावर दहा कंपन्यांचे रंग मारून विकतात. साचा एखाद्याच वाघिणीचा असतो, कधीकधी तर कुठल्याच नाही.

मग वाघीण उचलून टोकाकडून बघा. युद्धापूर्वीच्या पोलादी टोकांवर मोठ्या आडव्या वळ्या आणि त्यांच्या मधल्या जागेत बारीक वळ्या दिसतात. युद्ध संपत आलं तशी नवी टोकं आली, त्यांची वळी लाटण्यासारखी, मध्ये जाड आणि कडांना निमुळती. पीएफईचा आर-४०-१० वर्ग १९३६ मध्ये सुरू झाला आणि आर-४०-२३ वर्ग १९४७ चा. पहिल्याच्या टोकाला दुसऱ्याचा नंबर दिसला की समजा, कुणीतरी डेकल्स (चिकटवायची अक्षरं-आकडे) उरकली आहेत.

त्यानंतर दारं. एचओत एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर, तेव्हा व्हर्नियर घेऊन बसा. बिजागरीच्या दोन झडपांच्या दाराची मोकळी जागा चार फुटांची, म्हणजे १४ मिमी. १९५१ च्या आर-४०-२६ ला सहा फुटी सरकतं दार होतं, ते २१ मिमी भरायला हवं. तुमच्या १९५३ मध्ये दोन्ही चालतील, पण नंबर त्या त्या वर्गाचाच हवा.

पोटाखाली बघायला विसरू नका. जुन्या 'के' प्रकारच्या हवेच्या ब्रेकमध्ये सिलिंडर आणि हवेची टाकी एकाच तुकड्यात असते. नंतरच्या 'एबी' ब्रेकमध्ये सिलिंडर, टाकी आणि व्हॉल्व्ह असे तीन वेगळे भाग लटकतात. १९३३ नंतर बांधलेल्या वाघिणीला एबीच हवा. आणि आर्चबार बोग्या (पट्ट्या जोडून केलेल्या, चाकं धरणाऱ्या जुन्या चौकटी) असतील तर बदला, १९४१ नंतर एका रेल्वेकडून दुसरीकडे जाणाऱ्या गाड्यांत त्यांना बंदी होती.

गोल्या_फ्रीमाँट
एवढं कशाला राव? तीन फुटांवरून कोण बघतंय वळ्या नि व्हॉल्व्ह! गाडी पळाली की झालं.

यार्डमास्तर
गोल्या, तुझ्या लेआउटवर तू राजा. पण धाग्याचा प्रश्न अस्सलपणाचा आहे.

मृण्मयी_ओमाहा
काकांनी साच्याचं सांगितलं, मी काळाचं सांगते.

बिअरची वाघीण सुंदर असेल, पण १९५३ साठी बाद. मालाची जाहिरात मिरवणाऱ्या त्या रंगीबेरंगी रीफरना आंतरराज्य वाणिज्य आयोगाने १९३४ मध्ये चाप लावला आणि जानेवारी १९३७ पर्यंत त्या रुळांवरून गेल्या. बाजारात मात्र अशीच मॉडेल्स सगळ्यात जास्त दिसतात. रंग विकला जातो, दुसरं काय!

सांता फेच्या वाघिणीवर एका बाजूला नकाशा आणि दुसऱ्या बाजूला 'सुपर चीफ' वगैरे गाडीचं नाव असेल, तर ती रंगसंगती १९४० पासूनची. रोझव्हिलहून निघालेल्या गाडीत अशी एखादीच बरी, ती गाडी पीएफईचीच दिसायला हवी. कंपनी सदर्न पॅसिफिक आणि युनियन पॅसिफिकच्या मालकीची, भरात असताना ताफा ४०,००० च्या आसपास. त्यात लाकडी अंगाच्या जुन्या वाघिणी १९५३ मध्येही भरपूर होत्या, सगळ्या पोलादी घेऊ नका.

मांसाची वाघीण बहुधा आखूड असेल, बऱ्याच ३६-३७ फुटी असत. तिच्यात बर्फात मीठ घालायचे, म्हणजे थंडावा जास्त. आमच्या ओमाहाहून, शिकागोहून त्या भरून पश्चिमेला यायच्या आणि रिकाम्या परतायच्या. तुमच्या पूर्वेकडच्या गाडीत ती रिकामी परतणारी म्हणून शोभेल. बर्फ भरायच्या धक्क्यावर तिला रांगेत उभी केलीत तर मात्र चूक.

झाकणं नसलेली लांब वाघीण म्हणजे यांत्रिक रीफर, बर्फाऐवजी यंत्राने थंड होणारी. एका टोकाला इंजिनाची जाळी असेल बघा. १९५३ ला ती जेमतेम सुरू होत होती, साठच्या दशकाच्या लेआउटवाल्याला द्या. आणि छतावर चालायची फळीच नसेल तर १९६६ नंतरचा मामला.

डोनरचा_चढ
ताई, काका, फार आभार! एका आर-४०-२३ ची दारं मोजली, नेमकी १४ मिमी भरली. पण मला ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टरची (वाघिणींच्या छापील यादीची) त्या काळातली प्रत मिळाली आहे, त्यात आतली लांबी ३३ फूट आणि थोडे इंच दिली आहे. माझं मॉडेल तर ४० फुटी. मग हे लांब झालं का?

यार्डमास्तर
नाही. दोन्ही टोकांना बर्फाचे कप्पे असतात. मालाची जागा त्यांच्या मधलीच धरतात, म्हणून आकडा छोटा दिसतो. बाहेरच्या लांबीचा रकाना वेगळा असतो, तो बघा. त्याच रजिस्टरात नंबरांची मालिका आणि तिच्यात त्या वर्षी किती वाघिणी उरल्या होत्या तेही कळेल. पाचच उरल्या असतील आणि मॉडेल त्यातलं, तर घेण्याआधी विचार करा.

मृण्मयी_ओमाहा
वजनाच्या शिक्क्याची तारीखही वाचा. रिकाम्या वजनाच्या शेजारी महिना-वर्ष बारीक अक्षरांत असतं. तिथे १९५५ दिसलं तर तुमच्या सप्टेंबरला ते चालायचं नाही. डेकलचा तेवढा तुकडा बदलला की काम भागतं, त्यासाठी अख्खी वाघीण नाकारू नका.

डोनरचा_चढ
मग नारिंगींपैकी ज्यांच्या टोकाचा आणि नंबराचा मेळ बसेल त्या घेतो, बिअरची सोडतो. मांसाची घ्यावी असं वाटतंय. किंमत मात्र सगळ्यांना सारखीच लावली आहे.

गोल्या_फ्रीमाँट
बिअरची मला द्या! मी शोकेसमध्ये ठेवतो.

यार्डमास्तर
लाकडी पीएफई असतील तर त्यांच्या टोकांचे आणि पोटाखालचे फोटो टाका. बाजूचे नकोत, त्यातून काही कळणार नाही.